मिस्तरींचं जोडभिंग

भिंगाच्या पितळी कडेला धूळ बसते ती कुणी आणून बसवत नाही. रविवारी पुसली तरी पुढच्या रविवारी हजर. आमच्या घरातले किस्सेही तसेच जमले. तीच माणसं दर रविवारी त्याच खोलीत बसली, त्याच यंत्रांवरून भांडली, की काही ना काही होतंच. मी एवढंच करते, की विसरत नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. फोनमध्ये बोललं की तो लिहून घेतो, नातीने दाखवलंय. मध्येच कुकरच्या शिट्ट्या आल्या असल्या तर सोडून द्या.

आधी माणसं सांगते. माझे मालक सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. सगळे त्यांना मिस्तरी म्हणायचे, म्हणून मीही मिस्तरीच म्हणायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीत छोटा लेथ बसवला आणि जुनी यंत्रं दुरुस्तीला घेतली. इंग्रजांच्या त्या जाड्या राणीच्या काळात लोक डोळ्याला लावून चित्रं बघायचे, ती यंत्रं. आपल्याकडे त्याचे शौकीन आहेत हे मलाही तेव्हाच कळलं.

शौकीन तिघे. चांदवडचे तात्या, कांद्याचे व्यापारी. पंचवटीतले गुरुजी, रामकुंडावर यजमानांचे विधी करणारे. आणि डॉक्टरबाई, दातांच्या. शिवाय आमचा मुलगा मिलिंद. वडिलांचा लेथ आता तोच चालवतो. झाली माणसं.

आता एक गोष्ट, जी ह्यातल्या कुणालाच माहीत नव्हती. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही.

माझं माहेर इगतपुरीकडचं, भाताचं गाव. सात वर्षांची असताना झोडपणीच्या वेळी भाताची काडी डोळ्यात गेली. डोळा वरून धड राहिला, आतून गेला. बापाने सांगितलं, "कुणाजवळ बोलायचं नाही. लग्नाला आडवं येईल." मी बोलले नाही. लग्न झालं, तरी बोलले नाही. आधी सांगायची भीती होती, मग इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायला लागली.

तसं काही अडत नाही. भिंत डाव्या बाजूला येईल अशी बसायचं. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवायचं. आणि रस्त्याने मिस्तरी कायम माझ्या डाव्या अंगाने चालायचे, त्यामुळे धक्काही कधी लागला नाही. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "तुझा नवरा आमच्यांसारखा पुढे का नाही चालत गं?"

मी म्हणायचे, "त्यांची चप्पल हळू चालते!"

* * *

पहिलं गिऱ्हाईक तात्या. ते आले होते कांदे निवडायच्या मशीनची दांडी घेऊन. जाताना म्हणाले, "मिस्तरी, आमच्या घरी एक लोखंडी डबा हाय. आजोबानं कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात घेतलेला. खाली खिळ्यावर गरगर फिरतो. त्याचं फिरणं बंद पडलंय, बघता का?"

पुढच्या रविवारी डबा आला. वरून उघडा, काळा, आणि भोवती उभ्या उभ्या चिरा पाडलेल्या. आत लसूण.

"लसूण कशाला?" मिस्तरींनी विचारलं.

"चिरा हायेत ना. हवा खेळते. लसूण सडत नाय," तात्या म्हणाले. "इंग्रज लय हुशार!"

मिस्तरींनी लसूण काढला, डबा पुसला, खिळ्याला तेल दिलं. तळाशी कागदाची एक गुंडाळी चिकटलेली होती. ती सोडवून आतून लावली. तिच्यावर एकाच घोड्याची बारा चित्रं, दर चित्रात पाय जरा वेगळे. डबा फिरवला आणि तात्यांना सांगितलं, "चिरेतून बघा."

तात्यांनी डोळा लावला. आत घोडा दौडत होता.

तात्या बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "तीन पिढ्या आमी ह्या घोड्याच्या डोक्यावर लसूण टाकत आलो!"

त्या दिवसापासून तात्यांना नाद लागला. डबा आमच्याकडेच असतो. अजून फिरवला की घोडा धावतो आणि लसणाचा वास येतो.

* * *

दोन महिन्यांनी तात्यांनी पहिलं जोडभिंग आणलं. ते काय असतं ते एकदाच सांगते. लांबट पुठ्ठ्यावर दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. बघायला सारखेच, पण एक डाव्या डोळ्याला दिसेल तसा काढलेला, दुसरा उजव्याला दिसेल तसा. यंत्राला दोन भिंगं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की दोन फोटोंचा एक होतो आणि चित्र उभं राहतं. झाड पुढे, डोंगर मागे, मध्ये मोकळी जागा. इंग्रजीत त्याला स्टिरिओस्कोप म्हणतात. आम्ही जोडभिंग म्हणतो, आणि पुठ्ठ्याला जोडकार्ड.

कार्ड होतं घाटातल्या रेल्वेपुलाचं. पुलाच्या कठड्यावर पागोटंवाला एक माणूस पाय सोडून बसलेला.

तात्यांनी बघितलं आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला, त्या माणसाला धरायला. चहाचा कप पडला. मिस्तरींनी बघितलं, त्यांचाही हात पुढे गेला. मिलिंदचाही. प्रत्येकाचा पहिल्यांदा जातोच. नंतर सगळे हसतात.

मग मला दिलं.

मला दिसला एक जुना पिवळट फोटो. चपटा. कॅलेंडरसारखा.

मी मनात पाचपर्यंत मोजलं, हात पुढे केला आणि म्हटलं, "अगं बाई!"

सगळे हसले. मिस्तरी हसले नाहीत. माझ्या हाताकडे बघत होते. हात जरा जास्तच लांब केला असेल मी.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"पूल! केवढा खोल!"

"हं," म्हणाले आणि लेथकडे गेले.

* * *

गुरुजी आले ते तात्यांच्या ओळखीने. सोवळ्यातले माणूस. आमचं घर जयभीमवाल्यांचं. पहिल्या रविवारी मी चहा पुढे केला, तर म्हणाले, "वहिनी, आज माझा उपास आहे."

दुसऱ्या रविवारी उपास. तिसऱ्या रविवारीही उपास. मी कप ठेवायचे आणि उचलून न्यायचे.

चौथ्या रविवारी मी भजी केली होती, मेथीची. त्याच वेळी मिस्तरींनी एक नवं कार्ड लावून गुरुजींच्या हातात जोडभिंग दिलं. कार्डावर इंग्रजांचं जेवणाचं टेबल. फळं, केक, कापलेला पाव, भरलेले पेले, सगळं पुढ्यात मांडलेलं.

गुरुजींनी बघितलं आणि हात पुढे गेला. चांगला दोन बोटांची चिमूट करून!

मी म्हटलं, "गुरुजी, उपास आहे ना?"

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, भज्यांकडे बघितलं.

"वहिनी," म्हणाले, "डोळ्यांनी मोडला तो मोडला. आता पोटाने पाळण्यात काय अर्थ आहे?"

सात भजी खाल्ली. तेव्हापासून भिंगं पुसायला मऊ सुती कापड त्यांच्याकडूनच येतं, त्यांची जुनी धोतरं. तात्या म्हणतात, "रामकुंडाचं पाणी प्यायलेलं धोतर हाय, काचेला डाग राहील कसा!"

* * *

जोडभिंग घरात आलं त्यानंतर तीन महिने मिस्तरी पडवीचं दार लावून काम करत होते. काय चाललंय ते मिलिंदलाही सांगत नव्हते. एका रविवारी सकाळी, कुणी यायच्या आधी, त्यांनी एक पेटी माझ्या मांडीवर ठेवली. सागाची. पितळेची दोन भोकं, दोन्हींवर काचा. उजव्या अंगाला एक खटका.

"हे तुझं," म्हणाले. "तुझ्या डोळ्यांच्या नंबरचं केलंय. दुसऱ्या कुणी डोळ्याला लावायचं नाही. आणि स्क्रू कुणी खोलायचे नाहीत."

"मला कुठे नंबर आहे?"

"प्रत्येकाला असतो."

"आणि हा खटका?"

"नकली कार्ड पकडायला. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. बघ."

त्यांनी पुलाचंच कार्ड लावलेलं होतं. मी खटका दाबला, सोडला, दाबला, सोडला. चित्र थरथरलं, जवळचं जास्त, लांबचं कमी. मग त्या थरथरण्यातून तो पागोटंवाला माणूस पुलापासून सुटा झाला. खाली दरी. दरीच्या तळाशी दगड. दगडांच्या आणि त्याच्या पायांच्या मध्ये नुसती हवा.

माझा हात पुढे गेला. ह्या खेपेला मी मोजलं नव्हतं.

"आता बसलं बरोबर," मिस्तरी म्हणाले. "चहा टाक."

मी समजले, यंत्र चांगलं आहे म्हणून दिसलं. तात्यांचं यंत्र हलकं असेल.

डॉक्टरबाई आमच्यात नव्या आल्या तेव्हा त्यांना फार उत्सुकता. "मिस्तरी, मावशींच्या यंत्रातून मला एकदा बघू तरी द्या! खटका असलेलं मी कुठेच पाहिलं नाही."

मिस्तरी म्हणाले, "बाई, तुम्ही दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात घालून बघता का?"

पुन्हा कधी त्यांनी त्या पेटीला हात लावला नाही.

मी ती पेटी रोज संध्याकाळी पुसायचे. दोन्ही काचा. उजवी पुसली की डावीसुद्धा, तेवढीच घासून. एकाच काचेवर धूळ साचली असती तर कुणीतरी विचारलं असतं.

* * *

गुरुजींकडे जादूचा कंदील आहे. पत्र्याची पेटी, आत दिवा, पुढे भिंग. काचेवर रंगवलेलं चित्र मध्ये सरकवायचं, की भिंतीवर एवढं मोठं दिसतं. त्यांच्याकडच्या काचांवर देव रंगवलेले आहेत.

फक्त एक आहे. काच उलटी घालावी लागते, तेव्हा भिंतीवर सरळ दिसतं.

"देव उलटा घालायचा?" गुरुजी म्हणाले. "माझ्या हाताने? शक्य नाही."

सरळ घातला. भिंतीवर देव डोकं खाली, पाय वर.

वर्षभर कंदील तसाच पडून होता. शेवटी मिस्तरींनी भिंगापुढे तिरका आरसा बसवला आणि चित्र छतावर पाडलं. "आता उलटं-सुलटं काही राहिलं नाही. खाली पडायचं, आणि देव सरळ दिसेल त्या बाजूला डोकं करायचं."

दुपारची वेळ, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. गुरुजींच्या घरातले, शेजारचे, आम्ही, असे पंधरा-वीस जण चटयांवर आडवे. देव छतावर आला. सरळ, सुंदर. सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात गुरुजी ताडकन उठून बसले.

"उठा! उठा सगळे! डोकी उत्तरेला झालीत!"

उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही. सगळे उठले आणि फिरून आडवे झाले. आता डोकी दक्षिणेला, पण देव पुन्हा उलटा.

गुरुजी कपाळाला हात लावून बसले. मिस्तरी आरशाचा कोन मोजायला लागले. डॉक्टरबाई कागदावर बाण काढायला लागल्या. असा अर्धा तास गेला.

गुरुजींच्या घरच्या काकू स्वयंपाकघरातून आल्या, कंदिलाखालचं टेबल धरलं, अर्धं फिरवलं आणि पुन्हा आत गेल्या.

* * *

मिस्तरी होते तेव्हाची ही शेवटची मोठी गोष्ट. मुंबईहून एक डीलर आला. त्याच्याकडे जोडकार्डांचा संच, मागे इंग्रजीत छापलेलं. डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं. नाशिकचे घाट, जुन्या काळचे! बाईंनी पर्स जवळ ओढली. नाशिकचं जोडकार्ड त्या कधीपासून शोधत होत्या.

सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं.

"उभं दिसतंय ना?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय," तात्या म्हणाले. "जरा कमी दिसतंय."

डीलर म्हणाला, "शंभराहून जास्त वर्षं झाली, साहेब. इतक्या वर्षांत उभं चित्र थोडं बसतंच!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना तर एका पायरीवर बसलेले त्यांचे पणजोबा सापडले. "हे नाक बघा! आमच्याच घरातलं!"

मग कार्ड माझ्याकडे आलं. रिवाजच होता तो. सगळ्यांचं बघून झालं की शेवटी मी बघायचं, आणि मी सांगेन ते खरं. आयुष्यात पहिल्यांदा चार शिकलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. खोटं कशाला बोलू, त्या घडीसाठी मी अख्खा आठवडा वाट बघायचे. माझा एकच डोळा आहे हे कळलं तर कोण थांबणार होतं?

मी खटका दाबला, सोडला. दाबला, सोडला. घाट हलला नाही. पणजोबा हलले नाहीत. देवळाच्या कळसावर एक कावळा होता, तो दोन्ही फोटोंत अगदी तिथल्या तिथे.

"एकच फोटो दोनदा चिकटवलाय," मी म्हटलं. "हलत नाही."

डीलरला राग आला. "आजी, मागचं इंग्लिश वाचता येतं का तुम्हाला?"

"नाही येत," मी म्हटलं. "म्हणून तर पुढचं बघितलं!"

तो संच गुंडाळून गेला. डॉक्टरबाईंनी मला मिठी मारली. गुरुजी मात्र निघताना दारात म्हणाले, "वहिनी, कार्ड नकली असेल. पणजोबा खरे होते हो!"

* * *

मिस्तरी जाऊन आता चार वर्षं झाली. रविवार चालू राहिला. त्यांच्या जागेवर मिलिंद बसतो.

गेल्या वर्षी माझ्या यंत्रातून धुरकट दिसायला लागलं. मी म्हटलं काच खराब झाली. गुरुजींचं एक अख्खं धोतर पुसण्यात संपवलं. धूर जाईना. अशातच तात्यांनी एक कार्ड आणलं, जुन्या बाजाराचं. मी खूप वेळ खटका दाबला. काही हललं असेल तरी मला दिसलं नाही. मला दिसत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हलत नाही."

तात्यांनी कार्ड परत केलं. ते दुसऱ्या कुणी घेतलं, आणि ते अस्सल निघालं.

तात्या म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. वरून कोरडा दिसणारा कांदाबी कधी आतून सडका निघतो. व्हतं असं."

त्यांनी इतक्या चांगलेपणाने घेतलं म्हणून मला जास्त लागलं.

डॉक्टरबाई माझ्या डोळ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, मोतीबिंदू आहे. उद्याच चला." मिलिंद आणि त्या, दोघांनी मला नेलं. मोतीबिंदू उजव्या डोळ्यात होता. माझ्याकडे होता तेवढा एकच.

तिथे एक मुलगी डोळे तपासत होती. अक्षरं येत नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "हरकत नाही आजी. बोर्डावर तीन दात्यांचा काटा असेल. त्याची टोकं कुठे वळलीत ते हाताने दाखवा."

उजव्या डोळ्याने जमेल तसं दाखवलं. मग तिने उजवा डोळा झाकला. सगळं बंद. मी ठरवलं होतं, घाबरायचं नाही. तोंडं चारच बाजूंना असणार. एकामागून एक झोकात हात केले. वर, खाली, इकडे, तिकडे.

ती मुलगी म्हणाली, "आजी, मी अजून बोर्ड लावलाच नाही!"

संपलं. मोठे डॉक्टर आले, बॅटरी मारली. "हा डोळा कधीपासून असा?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून."

मिलिंद स्टुलावर बसला. डॉक्टर त्याला सांगत होते, एकच डोळा आहे, त्यावरच करायचं आहे, जपून करू, पण सही करताना हे ध्यानात ठेवा. मिलिंदचं लक्ष माझ्याकडे.

"आई, बाबांना माहीत होतं?"

"नाही रे. कुणालाच नव्हतं."

"पन्नास वर्षं?"

"रोज कामं असायची," मी म्हटलं. "सांगायचं कधी?"

डॉक्टरबाई तिथेच असल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. मला वाटलं, गेली माझी रविवारची खुर्ची. गुरुजींचा फोन आला. मी कानाला लावला.

"वहिनी, मी हिशेब करतोय," ते म्हणाले. "त्या घाटाच्या कार्डाला तिघांचे सहा डोळे फसले, आणि तुम्ही एकावर पकडलंत. ऑपरेशन झालं की पहिल्यांदा माझ्याकडची सगळी कार्डं पुन्हा बघायची!"

* * *

ऑपरेशन चांगलं झालं, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही त्याच काळजीत राहाल आणि हे ऐकणार नाही.

ऑपरेशन शनिवारी झालं. पट्टी सोमवारी निघायची होती. म्हणजे रविवार पूर्ण अंधारात. मी सांगितलं होतं, ह्या रविवारी कुणी येऊ नका. सगळे आले. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. तात्या बसले की पलंग करकरतो. डॉक्टरबाईंच्या हाताला दवाखान्याचा वास. गुरुजी आले ते भजी घेऊनच आले, काकूंनी दिलेली.

माझी पेटी माझ्या मांडीवर होती. बघायचं नव्हतंच. नुसता खटका दाबत होते, सोडत होते, कुणी हातात काही घेऊन चाळा करतं तसं. आणि तो अडकला.

"दे, तेल घालतो," मिलिंद म्हणाला.

"स्क्रू खोलायचे नाहीत."

"आई, उद्या पट्टी निघणार. खटका अडकलेला असला तर काय बघशील?"

मी पेटी दिली.

चार स्क्रू. एकेक निघाला आणि स्टीलच्या वाटीत पडला. टण्. टण्. टण्. टण्. मग झाकण निघाल्याचा आवाज. त्याच्यानंतर कसलाच आवाज नाही.

"काय रे? तुटलं का काही?"

"नाही."

"मग?"

"आई," मिलिंद म्हणाला, "डाव्या भोकामागे भिंग नाहीये."

"पडलं असेल आत. हलवून बघ."

"पडलं नाही. भिंगाला जागाच केलेली नाही. वरून साधी काच आहे आणि मागे काळा पत्रा बसवलाय. दोन बारीक रिव्हेट मारून."

पलंग करकरला. तात्या उठून जवळ गेले असणार. "आन हे आरसे कशाला?"

मिलिंदने तेलाचा थेंब टाकला असेल, कारण खटका वाजला. पुन्हा वाजला. मग म्हणाला, "खटका सोडलेला असला की उजवं चित्र दिसतं. दाबला की आरसे फिरतात, आणि डावं चित्रही उजव्याच भोकात येतं. सगळं उजव्याच भोकात येतं."

गुरुजींनी विचारलं, "वहिनी, मिस्तरींनी हे केलं कधी?"

"पहिलं जोडभिंग घरात आलं ना, त्यानंतर तीन महिन्यांनी."

बाहेर कॉलनीत कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आई, काय करू आता?" मिलिंदने विचारलं.

"तेल घातलंस?"

"घातलं."

"खटका चालतोय?"

"चालतोय."

"मग स्क्रू लाव घट्ट," मी म्हटलं. "आणि लावायच्या आधी ती डावी काच जरा पूस. बाहेरून मी रोज पुसते. आतून राहिलीय."